इंग्रजीचा तास (भाग ९) : चाळीसगावचा टांगा

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही शाळेत दहावीच्या वर्गात जा आणि 'फाटक्या छत्रीचं मनोगत' लिहायला सांगा. पंधरा मिनिटांत छत्री रडायला लागते. नदी, घंटा, पडका वाडा, सीमेवरचा सैनिक, सगळ्यांची आत्मकथा आपल्या मुलांना येते. मग त्यातल्याच एकाला म्हणा, "आता तुझ्याबद्दल लिही. तुझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट, आणि तिच्याबद्दल तुला आज काय वाटतं ते." तो पेनाचं टोपण चावत बसतो आणि थोड्या वेळाने विचारतो, "सर, मुद्दे द्या ना."

यात मुलाचा दोष नाही. मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय वेगवेगळे छापलेले असतात. त्यातून त्याच्या मनात एक वाटणी पक्की झालेली असते: प्रसंगात विचार करायचा नाही, विचारात 'मी' आणायचा नाही, आणि आत्मकथनातला 'मी' म्हणजे छत्री. इंग्रजीच्या पेपरातलं पत्र, भाषण, बातमी यांतही स्वतःला बाजूला ठेवूनच भागतं. मग अकरावी-बारावीनंतर एखाद्या कोर्सच्या फॉर्मवर किंवा इंग्रजीच्या प्रोजेक्टमध्ये 'पर्सनल रिफ्लेक्टिव्ह एसे' समोर येतो, आणि वेगळ्या ठेवलेल्या या तिन्ही गोष्टी एकदम मागतो. स्कॉटलंडमध्ये शाळेतल्या इंग्रजीच्या 'हायर' परीक्षेला मुलं असा निबंध वर्षभर घोटून देऊ शकतात. मर्यादा १३०० शब्दांची. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सामायिक अर्जात ६५० शब्दांत बसवावा लागतो. आपल्याकडे त्याची तयारी कोणी करून घेत नाही. सरळ फॉर्म हातात पडतो.

गेल्या आठवड्यात आपण वर्णनाचा परिच्छेद पाहिला. या आठवड्यात त्याच्या पुढचं पाऊल. त्यासाठी नमुना शोधायला लांब जायची गरज नाही. इंग्रजीतला असा एक उत्तम मजकूर चाळीसगाव स्टेशनाबाहेर घडलेल्या गोष्टीवर आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलाय.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्या लहानशा लेखनाचं नाव. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेलं. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही; पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका काढली. ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले, तिथे आज हे लेखन विद्यार्थ्यांना वाचायला देतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत ते वाचलं जातं, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत विचारून पाहावं.

सुरुवातीलाच बाबासाहेब वाचकाला आपली पद्धत सांगतात. परदेशी माणसाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कसं कळवायचं? एक तर सर्वसाधारण वर्णन करायचं, नाही तर घडलेले प्रसंग मांडायचे. त्यांना दुसरा मार्ग अधिक परिणामकारक वाटतो. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, बॅरिस्टर असलेला माणूस व्याख्या, आकडे, सिद्धान्त यांवर किती पानं लिहू शकला असता. इथे मात्र तो प्रसंग निवडतो.

चाळीसगावचा प्रसंग १९२९चा. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून ते परतीच्या गाडीने चाळीसगावला उतरले. तिथल्या लोकांनी रात्रभर थांबायचा आग्रह केला होता. हार घातले गेले. महारवाडा स्टेशनपासून दोन मैलांवर, वाटेत नदी, नदीवर फरशी. बाहेर भाड्याचे टांगे उभे होते, चालत जाण्यासारखंही अंतर होतं. तरी कोणी हलेना. तासाभराने एक टांगा आला. टांग्यात ते आणि हाकणारा असे दोघंच; बाकीचे जवळच्या वाटेने पायी गेले. दोनशे पावलं जात नाहीत तोच टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे फरशीवर वळताना घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

इथवर वाचकाला काहीच उलगडा झालेला नसतो. तासभर का थांबवलं? रोज टांगा हाकणारा माणूस इतका अडाणी कसा? बाबासाहेबांना तेव्हा कारण माहीत नव्हतं, म्हणून ते आपल्यालाही सांगत नाहीत. लिहिताना त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्याच ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. तसं केलं असतं तर प्लॅटफॉर्मवरचा तो तास आपल्याला त्यांच्यासोबत काढावा लागला नसता.

मग चौकशीत कळलेली हकीकत येते. अस्पृश्य माणसाला बसवून टांगा हाकणं टांगेवाल्यांना कमीपणाचं वाटत होतं. आपल्या पाहुण्याने पायी यावं हे महारवाड्यातल्या लोकांना कमीपणाचं वाटत होतं. तोड निघाली ती अशी की मालक टांगा भाड्याने देईल, हाकणार मात्र नाही. मग महारवाड्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. निघताना त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटेत जबाबदारीची जाणीव झाली आणि त्याचे हातपाय गळाले.

टांगेवाल्यांवर एक शिवी नाही. आपल्या माणसांवरही पांघरूण नाही: माझी प्रतिष्ठा राखण्याच्या नादात त्यांनी माझा जीव धोक्यात घातला, असं ते सरळ लिहितात. आणि शेवटी, एका वाक्यात, त्या दिवशी जे कळलं ते सांगतात. टांगा हाकून पोट भरणारा हिंदू माणूस कुठल्याही अस्पृश्यापेक्षा, मग तो बॅरिस्टर का असेना, स्वतःला वरचा समजू शकतो.

मला वर्गात हे वाक्य फळ्यावर मांडायला आवडतं, कारण मुलं लगेच म्हणतात, "पण सर, हे तर त्यांना आधीपासून माहीत असणारच." बरोबर. याच लेखनात लहानपणची मसूर स्टेशनची हकीकत आहे, १९०१ची. तिथेही गाडीवान ही मुलं महार आहेत म्हणून गाडी हाकायला तयार नसतो. दुप्पट भाडं घेतो, बैल मुलांनाच हाकायला लावतो आणि स्वतः बाजूने चालतो. अठ्ठावीस वर्षांनी, एवढं शिकून आल्यावर, सरकारी कामावर असताना, पुन्हा तीच वाटाघाट. मला स्वतःला हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय चाळीसगावचं वाक्य पुरतं कळत नाही. अस्पृश्यता असते हे त्यांना ठाऊकच होतं. पदवी त्या टांग्याजवळ कामाला येत नाही, हे तिथे कळलं. चिंतनाचं वाक्य असं असावं: त्या प्रसंगाशिवाय जे सुचलं नसतं, तेच.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहिलं गेलं साधारण त्याच सुमारास, १९३६ साली, जॉर्ज ऑर्वेलचा 'शूटिंग ॲन एलिफंट' प्रसिद्ध झाला. ब्रह्मदेशातला गोरा पोलीस अधिकारी हत्तीला मारतो. मारायची गरज नसते, पण मागे जमलेल्या गर्दीपुढे हसं होऊ नये म्हणून. तो निबंध इंग्रजीच्या अभ्यासक्रमांत जगभर शिकवतात. तिथेही इभ्रतीपायी भलतंच घडतं. फरक असा की ऑर्वेल आपल्या मनातली घालमेल पानभर उकलत बसतो, आणि बाबासाहेब दोनचार वाक्यांत आटोपतात. शाळेतल्या मुलाने दुसरी रीत धरावी असं माझं मत आहे. पानभर मन उकलायला ऑर्वेलचा हात लागतो.

आता आपल्या वहीकडे येऊ. समजा, एरंडोलकडच्या एका खेड्यातला अकरावीचा मुलगा आहे. विषय सुचेना म्हणून तो 'माय फादर, अ फार्मर' घेतो. पहिला मसुदा कसा येतो ते तुम्ही न वाचताही सांगू शकाल. शेतकरी देशाचा कणा आहे. तो उन्हातान्हात राबतो. आपण त्याचा आदर केला पाहिजे. शेवटी 'दॅट डे आय लर्न्ट अ लेसन'. कुठल्या दिवशी, ते निबंधात कुठेच नसतं.

त्याला विचारत गेलं की दिवस सापडतो. घरातल्या एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. दिवाळीनंतर व्यापारी टेम्पो आणि काटा घेऊन दारात आला. माप संपत आलं होतं, क्विंटलमागे दोन किलो कडता धरला जात होता. शेकडेवारी या मुलाला चांगली येते. अठरा क्विंटलचे छत्तीस किलो त्याने मनातल्या मनात काढले आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात वडील म्हणाले, "पानी लई ये." तो आत गेला, व्यापाऱ्यासाठी तांब्या भरून आणला, आणि तोवर माप संपलं होतं.

झाला निबंध. एवढंच नीट लिहायचं. तेव्हा काय वाटलं? वडिलांना हिशेब कळत नाही, आणि मला कळतो तर बोलू देत नाहीत. नंतर काय कळलं? जूनमध्ये बियाण्याला आणि खताला याच व्यापाऱ्याने उचल दिली होती, आणि पुढच्या जूनलाही त्याच्याच दारात उभं राहायचं होतं. आज काय वाटतं? इथे मुलगा गप्प बसतो, आणि हे गप्प बसणं चांगलं आहे. वडिलांचं बरोबर होतं असं त्याला वाटत नाही, चूक होतं असंही म्हणवत नाही. तसंच लिही म्हणावं. वडिलांचा हिशेब माझ्या आधी झाला होता, पण त्यांच्या हिशेबात पुढचा जूनही होता. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला अजून ठरवता येत नाही. परीक्षकाला ठाम निष्कर्षच हवा असतो हा आपला समज आहे.

शिक्षकांना एक विनंती. मुलाने असं काही लिहून आणलं की खाली तात्पर्य जोडायला लावू नका. ही सवय आपल्याला कुठून लागली असावी, याचा विचार करताना मला सारखे साने गुरुजी आठवतात. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात ते शिकवत होते, खानदेशावर त्यांची छाया मोठी आहे. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, आणि तिच्यातली शिकवण उघडपणे सांगितलेली आहे. पण तिथे ती पचते, कारण आधी पायाच्या तळव्याला माती लागू नये म्हणून दगडावर पसरलेलं आईचं लुगडं येतं, पोहायला जायला घाबरलेला आणि मार खाल्लेला श्याम येतो. आपण शाळेत लुगडं वगळतो आणि शिकवण तेवढी ठेवतो.

भाषेचं फार ताणून सांगत नाही. घडलेलं साध्या भूतकाळात लिहा आणि आजचं मत साध्या वर्तमानात. 'हॅड बीन' लावलं की इंग्रजी भारदस्त होतं हा क्लासवाल्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. आपले शब्द टाकू नका. बाबासाहेब 'महारवाडा' हाच शब्द ठेवतात आणि लगेच पुढे मोजक्या शब्दांत तो कोणाच्या वस्तीला म्हणतात ते सांगतात; 'टांगा' शब्दाचंही तसंच. तुम्हीही 'आखाजी' लिहा, 'कानबाई' लिहा, आणि त्याच वाक्यात झोका किंवा रोट दिसू द्या. वडिलांचं "पानी लई ये" रोमन अक्षरांत जसंच्या तसं लिहिता येतं. पुढच्याच वाक्यात मुलगा तांब्या भरायला जातो, मग परीक्षक एडिनबराचा असला तरी त्याला अर्थ विचारावा लागत नाही.

मोजमाप ठेवा. दोन मैल, दोनशे पावलं, तासभर; अठरा क्विंटल, छत्तीस किलो. 'व्हेरी सॅड', 'व्हेरी इमोशनल' यांची गरज मोजमापाने आपोआप कमी होते. आणि हल्ली मोबाइलला सांगितलं की मिनिटात निबंध मिळतो, त्याबद्दल पालक विचारतात. मिळतो खरा. शेतकरी देशाचा कणा आहे, हे तो अगदी बिनचूक इंग्रजीत लिहून देतो. तुमच्या दारातला काटा त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कसा कळणार? आणि सांगायचंच तर मग थेट वहीत का नको?

या आठवड्याचा अभ्यास. असा एक प्रसंग निवडा, ज्यात तेव्हा तुम्हाला कारण कळलं नव्हतं आणि नंतर कळलं. मोठा नको: अपघात, मृत्यू, बक्षीस समारंभ हे तिन्ही या वेळी बंद. इंग्रजीत तीनशे शब्द. कारण दोनशे शब्द होईपर्यंत सांगायचं नाही. शेवटचा परिच्छेद लिहूच नका, जागा मोकळी सोडा. तो कसा लिहायचा आणि कधी गाळायचा, ते पुढच्या रविवारी पाहू. येताना चाळीसगावचा मजकूर मूळ इंग्रजीतून वाचून या, छोटासाच आहे.