माप एक, वजन वेगळे



“ट्रॉली तर कालच्यासारखीच शिगोशीग भरली होती, मग वजन कमी कसं आलं?” हंगामात काट्यावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. दुसरा प्रश्न शेतावरचा. “रसाला ब्रिक्स तर चांगला लागला होता, मग उतारा का पडला?” काट्याची खात्री करून घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहेच, तो सोडू नये. परंतु या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे घनता. ठराविक जागेत किती वजन मावते, याला घनता म्हणतात.

आपल्या वाडवडिलांना हे शाळेत न जाता ठाऊक होते. त्या काळी धान्य पायलीने मोजत. ज्वारीची पायली आणि भुईमुगाच्या शेंगांची पायली डोक्यावर घेतली की फरक मानेलाच कळायचा. १९५६ च्या कायद्याने पुढे किलो आणि लिटर आले, पण तत्त्व तेच राहिले. लिटर जागा सांगतो आणि किलो वजन सांगतो.

एक लिटरचे एकच भांडे घ्या. त्यात पाणी भरले तर वजन १ किलो भरते. रॉकेल सुमारे ८०० ग्रॅम, डिझेल ८३० ग्रॅमच्या आसपास आणि शेंगतेल ९१० ग्रॅम भरते. म्हणूनच तेल पाण्यावर तरंगते. दूध १ किलो ३० ग्रॅमच्या जवळपास जाते. मध आणि कारखान्यातील मळी ही दोन्ही सुमारे १ किलो ४०० ग्रॅम भरतात. म्हणजे १० हजार लिटरच्या टाकीत पाणी १० टन मावते, तर मळी १४ टन. तेवढ्याच जागेचा काळा दगड पावणेतीन ते तीन किलो आणि लोखंड ७ किलो ८०० ग्रॅम भरते.

आता साखरेचे पाहा. साखरेचा दाणा पाण्यापेक्षा जड, जवळजवळ १.५९ पट. तरीही एक लिटरच्या भांड्यात साखर ओतली तर ती किलोभरसुद्धा बसत नाही. कारण दाण्यांच्या मधली जागा हवेने अडवलेली असते.

ट्रॉलीचे गणितही असेच आहे. उसाच्या कांड्या मुळात जड, पण रचलेल्या उसात निम्म्याहून अधिक जागा हवेची असते. त्यात वाढे, पाचट आणि वाकडातिकडा ऊस आला की जागा भरते, वजन भरत नाही. दोन ट्रॉल्या एकाच उंचीच्या दिसतात, पण काट्यावर टनाटनाचा फरक पडू शकतो. डोळा जागा पाहतो, काटा वजन पाहतो.

आता रसाकडे वळू. पाण्यात साखर विरघळली की ते पाणी जड होते. या जड रसात काचेचे ब्रिक्स हायड्रोमीटर सोडले तर ते कमी बुडते, आणि त्यावरून ब्रिक्स वाचतात. शेतात वापरतात तो हातातला रिफ्रॅक्टोमीटर मात्र प्रकाश किती वाकतो यावरून तेच माप देतो. ब्रिक्स २० म्हणजे १०० किलो रसात २० किलो विरघळलेला ऐवज. अशा एका लिटर रसाचे वजन सुमारे १ किलो ८० ग्रॅम भरते आणि त्यात २१६ ग्रॅम ऐवज असतो.

पण हा सगळा ऐवज साखर नव्हे, हे ध्यानात घ्यावे. त्यात क्षार असतात आणि दाणा न धरणारी ग्लुकोज, फ्रुक्टोजसारखी साखरही असते. डेअरीत दूध घालणाऱ्यांना हे लगेच पटेल. दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटर खाली जातो, पण आधी साय काढली तर तो वर चढतो. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर भागत नाही, फॅटही पाहावे लागते. तसेच रसाचा ब्रिक्स पाहून भागत नाही. त्यातली खरी साखर किती, म्हणजेच रसाची शुद्धता, हेही पाहावे लागते.

तोडून पडलेल्या उसात हेच घडते. उन्हाने पाणी उडते, तेव्हा वजन घटते. उरलेला रस दाट होतो, म्हणून ब्रिक्स वाढलेलाही दिसतो. पण आत साखर फुटत असते. नुसत्या समजुतीसाठी हिशेब करू. ताज्या उसाच्या रसाचा ब्रिक्स २० आणि शुद्धता ८५ टक्के धरली, तर १०० किलो रसात साखर १७ किलो. ऊस शिळा होऊन ब्रिक्स २१ झाला, पण शुद्धता ७८ वर आली, तर साखर १६ किलो ४०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. यंत्रावरचा आकडा चढला आणि साखर उतरली! वर वजनातली घट वेगळीच.

हा तोटा एकट्याचा राहत नाही. वजनातली घट त्या सभासदाच्या बिलात जाते, पण उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी जोडलेला असल्याने साखरेतली घट सर्वांच्या वाट्याला येते.

मग करायचं काय? तोडीआधी उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याकडचा असे दोन ब्रिक्स घ्यावेत. दोन्ही जवळजवळ आले की ऊस पक्व झाला असे समजावे. तोड जमिनीलगत करून घ्यावी, कारण बुडख्यात साखर अधिक असते. वाढे आणि पाचट शेतातच राहू द्यावे. वाहनाची खात्री झाल्याशिवाय फडाला कोयता लावू देऊ नये. तोडीची चिठ्ठी वेळेवर देणे आणि गव्हाणीपुढची रांग न लांबवणे ही कारखान्याची बाजू आहे. तिथे खोळंबा झाला तर गट कार्यालयात जरूर नोंद करावी आणि जाब विचारावा.

आणि पोरांना घरी एक प्रयोग करायला सांगा. रिकामी बाटली तोलायची, मग त्याच खुणेपर्यंत पाणी, तेल, दूध आणि उसाचा रस पाळीपाळीने भरून तोलायचा. वह्यांतले गणित एकदा तराजूवर पाहिले की जन्मभर विसरत नाही.