केळ्याच्या तंतूंपासून वांग्यापर्यंत

केळं कुस्करायचं, मीठ आणि भांड्यांच्या साबणाचं पाणी घालून गाळायचं, वरून गार स्पिरिट सोडायचं. पांढरट तंतू दिसू लागतात. हा केळ्याचा डीएनए. ‘आयजेम’ या कृत्रिम जीवशास्त्राच्या स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी शाळांमध्ये असले सोपे प्रयोग दाखवतात. २००४मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पाच संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत पुढे पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेचे संघही उतरले आहेत. समाजाशी संवादालाही परीक्षक गुण देतात. मग हे सारं पदकासाठीच, असा आक्षेप येणारच. तो अगदीच खोटा नाही. पण संघाने जनुकं बदललेल्या जिवाणूबद्दल नववीतल्या मुलीने ‘हा जिवाणू बाहेर सुटला तर?’ असं विचारलं, की पाठ केलेली उत्तरं तोकडी पडतात, हेतू काहीही असो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ही तंत्रज्ञानाची जाहिरात तर नव्हे? १९८२मध्ये मान्यता मिळालेल्या जिवाणूनिर्मित इन्शुलिनचीच गोष्ट सांगितली, तर ती जाहिरातच ठरेल. तिच्याशेजारी जनुक बदललेलं बीटी वांगं ठेवायला हवं. नागपूरसह सात शहरांतल्या जनसुनावण्यांनंतर २०१०मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. का दिली, यावर वर्गात वाद झाला तर पाहुण्यांची तारांबळ उडेल, उडू द्यावी.