नवरा-बायकोचं दुकान एकच, मग रिटर्न कुणाच्या नावाने?



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुकानात आम्ही दोघंही राबतो. मग दोघांचं मिळून एकच रिटर्न भरता येतं का? की नफा निम्मा-निम्मा दाखवायचा?" बरेच जण अमेरिकेतले व्हिडिओ बघून येतात. तिकडे नवरा-बायको एकत्र रिटर्न भरू शकतात. आपल्याकडे तशी सोय नाही. लग्न झालं तरी दोघांचे पॅन वेगळे आणि रिटर्नही वेगळे.

आपल्या रिटर्नमध्येही 'स्टेटस' असतं, पण ते लग्नाचं नाही. तुम्ही व्यक्ती आहात, एचयूएफ आहात की फर्म, एवढंच तिथे विचारतात. त्यामुळे धंदा कोणत्या स्वरूपात करायचा हे आधी ठरवा, म्हणजे स्टेटस आपोआप ठरतं.

वाटून दाखवण्याचा मोह का होतो?

आकडे बघा. समजा दुकानाचा वर्षाचा निव्वळ नफा 14 लाख आहे आणि दुसरं उत्पन्न नाही. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत एकट्या मालकाला सेससह 93,600 रुपये कर बसतो. हेच 14 लाख दोघांत 7-7 लाख झाले, तर 12 लाखांपर्यंतच्या रिबेटमुळे दोघांचाही कर शून्य. मग कुणीतरी सल्ला देतं, "वहिनींना पगार दाखव ना!"

इथेच गाडी अडते.

क्लबिंग म्हणजे काय?

1961 च्या आयकर कायद्यात यासाठी कलम 64 आहे. 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे नंबर बदललेत, पण तत्त्व तेच राहिलंय. ज्या धंद्याच्या नफ्यात तुमचा वाटा 20 टक्के किंवा जास्त आहे, तिथून जोडीदाराला पगार किंवा कमिशन दिलं, तर ते उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. यालाच क्लबिंग म्हणतात.

याला एक अपवाद आहे. जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि पगार त्याच ज्ञानाच्या नि अनुभवाच्या कामाचा हवा. मेडिकल स्टोअर नवऱ्याचं आहे, बायको डी.फार्म आहे आणि रोज काउंटरवर फार्मासिस्टचं काम करते, तर तिचा पगार तिचाच. पण कापड दुकानात त्याच डी.फार्मचा उपयोग नाही. पगार बाजारभावाला धरून द्या आणि बँकेतूनच द्या.

आणखी एक गोष्ट. तुम्ही 44एडी खाली, म्हणजे विक्रीच्या 8 किंवा 6 टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल, तर पगाराचा खर्च वेगळा वजा होतच नाही. फर्मने 44एडी घेतलं तर भागीदारांचा पगारही वजा होत नाही.

मग भागीदारी करू का?

करा, पण आधी हिशेब मांडा. फर्मला सवलतीचा स्लॅब नाही. पहिल्या रुपयापासून 30 टक्के आणि वर सेस, म्हणजे 31.2 टक्के. करारात लिहिलेला, काम करणाऱ्या भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत वजा होतो. 14 लाखांच्या नफ्यावर ही मर्यादा 10.20 लाख येते. उरलेल्या 3.80 लाखांवर फर्मचा कर होतो 1,18,560 रुपये. म्हणजे एकट्या मालकापेक्षा जास्तच! यात भांडवलावरचं व्याज धरलेलं नाही. ते धरलं तर आकडा कमी होईल, पण भागीदारी केली की कर वाचतोच असं नाही, हे लक्षात घ्या. शिवाय पत्नीच्या नावाचं भांडवल तुम्हीच दिलेलं असेल, तर तिथेही क्लबिंगचा प्रश्न येतो. करार करण्याआधीच सीएंशी बोला.

एचयूएफ काढू का?

हिंदू अविभक्त कुटुंबाला वेगळा पॅन मिळतो, हे खरं. पण स्वतःचे पैसे त्यात टाकले तर त्याचं उत्पन्न पुन्हा तुमच्याच नावावर येतं. वडिलोपार्जित मालमत्ता असेल तर विचार करा. शिवाय 12 लाखांचा तो रिबेट एचयूएफला मिळत नाही.

बायकोचा स्वतःचा धंदा असेल तर?

माझ्या मते हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे, पण पैसा कुठून आला ते महत्त्वाचं. नवऱ्याने बायकोला भेट दिलेल्या पैशावर भेटीचा कर लागत नाही. पण त्या पैशातून मिळणारा नफा क्लब होतो. 1 एप्रिलला तिच्या धंद्यात एकूण 5 लाख गुंतले आहेत आणि त्यात 2 लाख तुमची भेट आहे, तर त्या वर्षीच्या नफ्याचे पाचात दोन भाग तुमच्या उत्पन्नात येतील. त्यापेक्षा तिची बचत, माहेरून आलेले पैसे किंवा तिच्या नावाचं बँक कर्ज वापरा. तुम्हीच पैसे देणार असाल तर योग्य व्याजाने, लेखी उसने द्या आणि व्याज खरंच घ्या.

मात्र कागदावर तिचं नाव आणि गल्ला तुमच्या हातात, असं करू नका. नोटीस येते ती नावाला, आणि कर्ज थकलं तर बँकही तिच्याच दारात येते.

गोव्यातल्या वाचकांसाठी

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातली सामायिक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या जोडप्यांना कलम 5ए लागू होतं. पगार ज्याचा त्याचा, पण धंद्याचं, घरभाड्याचं उत्पन्न दोघांत निम्मं वाटलं जातं. रिटर्नमध्ये त्यासाठी शेड्यूल 5ए असतं आणि त्यात जोडीदाराचा पॅन द्यावा लागतो. म्हणजे सिंधुदुर्गात जे चालत नाही, ते हद्द ओलांडली की कायद्यानेच करावं लागतं.

शेवटचा मुद्दा, तायांनो, खास तुमच्यासाठी

दुकानात दहा-दहा तास उभं राहून तुमच्या नावावर एकही कागद नसेल, तर उद्या स्वतःसाठी कर्ज मागताना बँक तुमचे मागचे रिटर्न मागेल आणि दाखवायला काही नसेल. म्हणून नुसता कर किती वाचतो एवढंच बघू नका. काम कोण करतं, पैसा कुणाचा आहे आणि नाव कुणाचं आहे, हे तिन्ही जुळवा.

या आठवड्यात एक करा. एका कागदावर तीन रकाने आखा: काम, पैसा, नाव. दोघांनी मिळून भरा आणि तो कागद घेऊन सीएंकडे जा. मार्चअखेरची वाट बघू नका. वर्ष सुरू होतानाच रचना ठरली, तर रिटर्न भरताना ओढाताण होत नाही.