पत्राआधी पत

‘सेंड’वर बोट टेकवलं की आपल्याला वाटतं, ई-मेल सुटला आणि पोचला. पण त्या एका क्षणात दोन यंत्रांमध्ये चक्क संभाषण घडतं! पाठवणारा सर्व्हर समोरच्याच्या दारात जाऊन आपलं नाव सांगतो. मग पत्र कोणाचं आणि कोणासाठी, ते सांगतो. पलीकडून आकड्यांत उत्तरं येतात. 250 म्हणजे ‘ठीक, घेतलं’. 4 ने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, जरा वेळाने या’. 5 ने सुरू झाला, तर दार बंद. आणि 250 मिळालं तरी पत्र फक्त उंबरठ्याच्या आत आलेलं असतं. ते इनबॉक्समध्ये ठेवायचं की स्पॅममध्ये टाकायचं, हा निवाडा त्यानंतर होतो.

या संभाषणाचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिले. तेव्हाचं नेटवर्क छोटं होतं, संशोधकांचं होतं. त्यामुळे पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्यात ठेवलेलीच नव्हती. पोस्टकार्डावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तसंच हे. खरं तर इशारा आधीच मिळाला होता. मे 1978 मध्ये डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कवरच्या सुमारे 400 जणांना, कोणी मागितलेली नसताना, जाहिरात पाठवली होती.

तो उघडा दरवाजा बंद करायला तीन पहारेकरी आले. एसपीएफ ही यादी आहे: आमच्या नावाने पत्र पाठवायची परवानगी अमुक सर्व्हरनाच, असं डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक इंटरनेटवर जाहीर करतो. डीकेआयएम तर थक्क करणारं आहे. पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक शिक्का तयार होतो. तो उमटवायची किल्ली गुप्त, तपासायची किल्ली मात्र सगळ्यांसाठी खुली. वाटेत कोणी किमतीतला एक आकडा बदलला, तरी शिक्का जुळत नाही. तिसरा डीमार्क. पत्रावर दिसणारं नाव या दोन्ही पुराव्यांपैकी एकाशीही जुळत नसेल, तर पत्र सोडायचं, बाजूला ठेवायचं की परतवून लावायचं, हे तो सांगतो.

ओळख पटली, तरी पत वेगळी. आणि छोट्या व्यावसायिकाची खरी अडचण इथे सुरू होते. पत जमते ती नियमित, थोड्या-थोड्या पत्रव्यवहारातून. वर्षभर गप्प राहून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एकदम हजारो मेल सोडले, तर यंत्राला तो अनोळखी माणूस वाटतो. स्वतंत्र सर्व्हर परवडत नाही, म्हणून अनेकांच्या सामायिक सर्व्हरवरून मेल जातात. तिथे शेजाऱ्याने स्पॅम पाठवला की डाग आपल्यालाही लागतो. विकत घेतलेल्या यादीत तर कोणत्याही माणसाचे नसलेले पत्तेही असू शकतात, केवळ सापळा म्हणून पेरलेले.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलला दिवसाला 5000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही पहारेकरी सक्तीचे झाले, आणि जाहिरातीच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडायची सोयही. ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायचं, हे मात्र लहान-मोठ्या सगळ्यांनाच लागू आहे. आता हिशेब करा: यादीत 500 ग्राहक असतील आणि दोघांनी ते बटण दाबलं, तर 0.4 टक्के! मोठ्या कंपनीच्या आकड्यांत जे दिसणारही नाही, ते छोट्या दुकानदाराला मर्यादेपलीकडे नेतं. शिवाय गूगलचं तक्रारींचं प्रमाण दाखवणारं पोस्टमास्टर टूल्स हे साधन कमी मेल पाठवणाऱ्यांना बहुधा आकडेच दाखवत नाही.

तरीही मार्ग साधा आहे. ज्याने स्वतःहून पत्ता दिला, त्यालाच लिहा. आधी मोजक्या, उत्सुक ग्राहकांना पाठवा आणि संख्या हळूहळू वाढवा. नको म्हणणाऱ्याला लगेच मोकळं करा. एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या सेवेतून फुकटच्या जीमेल पत्त्याच्या नावाने पाठवू नका. स्वतःचं डोमेन घ्या.

आणि आजच एक करून पाहा. आपल्या व्यवसायाचा मेल स्वतःच्याच जीमेलवर पाठवा, संगणकावर तो उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतलं ‘शो ओरिजिनल’ निवडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींसमोर ‘पास’ दिसत नसेल, तर पुढचा मेल लिहिण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.