तुमच्या टाक्याचं मोल किती?

रुखवतात मांडलेला टेबलक्लॉथ पाहून वरपक्षाकडच्या बायका म्हणतात, "किती नाजूक हात आहे हो!" पुढे संसार सुरू होतो आणि तोच हात नणंदेच्या बाळाचं झबलं, शेजारणीच्या ब्लाउजचा गळा, भिशीतल्या मैत्रिणीचे रुमाल भरत राहतो. कौतुक होतं, चहा मिळतो. पैशांचा विषय मात्र निघत नाही. मैत्रिणींनो, भरतकामाचा व्यवसाय करायचं मनात असेल, तर सुरुवात या न निघणाऱ्या विषयापासूनच करायला हवी.

कच्छमधल्या बायकाही पिढ्यान् पिढ्या मुलींच्या लग्नासाठी सुरेख भरतकाम करीत आल्या होत्या. 1969 च्या दुष्काळात मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचं अन्न घेणं जिवावर येत होतं. त्यांना काम हवं होतं. चंदाबेननी त्यांच्याकडून साड्या भरून घेतल्या आणि मुंबईत विकल्या. त्यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. हात तेच, टाकेही तेच. फक्त त्या कामाला आता किंमत आली होती.

मग आपल्या कामाची किंमत कशी ठरवायची? त्यासाठी एक वही करा. सुई हातात घेतली की घड्याळ पाहा, ठेवली की पुन्हा पाहा आणि वेळ लिहा. मधे दूध उतू गेलं, दारावर कुणी आलं, तो वेळ वजा करा. समजा, एका ब्लाउजच्या गळ्याला नि बाह्यांना 12 तास लागले. तासाला 80 रुपये धरले तर मजुरी झाली 960. दोरा, सुई, ट्रेसिंगचे 120. एकूण 1080. त्यावर रिक्षा, वीज, वाया गेलेला माल यांसाठी दहा टक्के, म्हणजे 108. झाले 1188. आता सांगा, हेच काम आपण तीनशे रुपयांत करून देत होतो की नाही? तासाचा दर तुमच्या गावाप्रमाणे आणि हाताच्या सफाईप्रमाणे ठरवा; पण ठरवा जरूर!

"बाजारात मशीनचं भरतकाम स्वस्तात मिळतं," असं गिऱ्हाईक म्हणणारच. मशीनशी किमतीत बरोबरी करायला जाऊ नका. जे एकच नग हवं असतं ते काम घ्या: बारशाच्या दुपट्यावर बाळाचं नाव, आजीच्या विरलेल्या शालूची दुरुस्ती, मुलीच्या लग्नाचा अंतरपाट. सगळेच टाके थोडेथोडे येण्यापेक्षा एका प्रकारात हात पक्का करा. धारवाडकडची कसुतीच घ्या ना. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी असे तिचे चार प्रकार. कापडाचे धागे मोजत भरायचं आणि गाठ मारायची नाही! इरकली साडीवर ती किती खुलते, ते वेगळं सांगायला नकोच.

आता कामाच्या चार गोष्टी. सुती कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर मागाहून आटून भरलेलं सगळं गोळा होतं. गडद लाल, काळा दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात ठेवून वरून इस्त्री फिरवा. रंग उतरला तर तो दोरा वापरू नका. अँकरची लडी सहा पदरी असते. नाजूक कामाला एक-दोन पदरच घ्या आणि दोरा हातभरापेक्षा लांब नको, तो पिंजतो. काम संपलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर कापडावर वळ पडतो. तयार कपडा टॉवेलवर उलटा ठेवून इस्त्री करा, म्हणजे टाके दबत नाहीत. आणि डोळे सांभाळा. उजव्या हाताने भरत असाल तर उजेड डावीकडून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाने उठून लांबवर पाहा.

नमुन्यांची एक फाइल ठेवा. ऑर्डर घेताना रंग, नक्षी, तारीख, किंमत लिहून घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. 2020 पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनामूल्य होते. केंद्र सरकारकडून हस्तकारागिरांना 'पहचान' ओळखपत्रही मिळतं, त्याची चौकशी करा.

राहता राहिली घरची माणसं. जाऊबाई म्हणतील, "अगं, तुला काय, बसल्या बसल्या होईल!" भेट द्यायची असेल तर मनापासून द्या, पण ती भेट आहे असं सांगून द्या. एरवी हसतमुखाने वही पुढे करा आणि म्हणा, "वहिनी, याला बारा तास लागतात हं." पहिल्यांदा जीभ अडखळेल. दुसऱ्यांदा नाही अडखळणार.