डॉक्टर आणि रुग्ण : विश्वासाचे खाते

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. या प्रत्येकाच्या ठायी चार गुण असावेत, अशी अपेक्षाही तेथे नोंदवली आहे. रुग्णाच्या गुणांमध्ये स्मरण, सांगितलेले पाळण्याची वृत्ती आणि निर्भयता यांच्या जोडीला ‘ज्ञापकत्व’ येते. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे, हे वैद्याला नीट सांगता येणे. रुग्ण हा केवळ उपचार करून घेणारा नसून उपचाराचा एक पाय आहे, हा विचार आपल्या परंपरेत इतका जुना आहे. आज तपासणीची यंत्रे कितीतरी प्रगत झाली, औषधे प्रभावी झाली. मात्र रुग्णाचे सांगणे आणि डॉक्टरांचे ऐकणे या दोन्ही गोष्टी दिवसेंदिवस आखडत चालल्या आहेत.

बँकेच्या नोकरीत आयुष्य घालवल्यामुळे मला विश्वास या शब्दाकडे थोड्या व्यवहारी दृष्टीने पाहण्याची सवय आहे. ग्राहक बँकेवर विश्वास ठेवतो तो इमारत पाहून नव्हे. त्याच्या पासबुकातील नोंद बरोबर असते, विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते आणि काही चुकले तर ते लपवले जात नाही, या अनुभवातून तो विश्वास थोडाथोडा जमा होत जातो. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील विश्वासही असाच साठतो.

एकेकाळी गल्लीतला फॅमिली डॉक्टर तीन पिढ्यांना ओळखत असे. आजोबांचा दमा, सूनबाईंची बाळंतपणे, नातवाचा गोवर हे सारे त्याच्या डोक्यात असे. त्यामुळे फार बोलावे न लागताही पुष्कळ कळत असे. आता एका आजारासाठी चार तज्ज्ञ असतात आणि त्यांतील प्रत्येक जण आपल्याला प्रथमच पाहत असतो. जुनी ओळख नाहीशी झाल्यावर तिची जागा बोलण्याने भरून काढावी लागते, आणि नेमका बोलण्यासाठीच वेळ नसतो. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यानंतर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवत होते. २०१७ साली ६७ देशांतील माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये प्राथमिक तपासणीला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळत होती, तर बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडील सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या रांगेचा दोष खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरांना देणे न्यायाचे होणार नाही. पण वेळ थोडा आहे म्हणूनच तो कसा वापरायचा, याचा विचार दोन्ही बाजूंनी केला पाहिजे.

न सांगितलेल्या गोष्टी

प्रथम आपली बाजू पाहू. आपल्या समाजात अनेक घरांतून सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेतले जात नाही. पर्युषण आणि दशलक्षण पर्वांत एकासने, उपवास, काही ठिकाणी सलग आठ-दहा दिवसांची तपश्चर्या चालते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर’ असे लिहिले, तर रात्री न जेवणाऱ्या व्यक्तीने काय करायचे? बहुतेक जण काहीच विचारत नाहीत. कोणी गोळी दुपारच्या गोळीबरोबर घेऊन टाकते, कोणी ती सोडून देते. माझ्या परिचयातील एका वयस्कर श्राविका मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन उपवास करीत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मंदिराच्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसताना घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि बाईंनी सांगितले नव्हते. ‘उपवास बंद करा म्हणतील’ ही त्यांची भीती होती. पुढील वर्षी त्या पर्वापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कोणते व्रत झेपेल आणि कोणते नाही हे स्पष्ट सांगितले, औषधाचे प्रमाण आणि वेळ बदलून दिली. त्यांनी एकासने केली व पर्व सुखरूप पार पडले.

कॅप्सूलचेही तसेच. कॅप्सूलचे बाहेरचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. हे कळल्यावर काही जण औषधच बंद करतात आणि डॉक्टरांना मात्र ‘नियमित घेतो’ असे सांगतात. डॉक्टर मग औषध लागू पडत नाही असे समजून प्रमाण वाढवतात. त्यापेक्षा ‘मला हे चालत नाही, दुसरे काही आहे का?’ एवढे विचारले, तर अनेकदा गोळी, पातळ औषध किंवा वनस्पतिजन्य कवचाचा पर्याय निघू शकतो. आयुर्वेदिक काढे, मैत्रिणीने सुचवलेली पुडी, मध्येच थांबवलेली रक्तदाबाची गोळी, तंबाखूची सवय या गोष्टीही आपण संकोचाने दडवतो. अपुऱ्या माहितीवर दिलेले औषध चुकले, तर त्याचा भार शेवटी आपल्याच शरीरावर पडतो.

सही आणि संमती

कर्जाच्या कागदपत्रांवर न वाचता सह्या करणारे ग्राहक मी हजारोंनी पाहिले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्राचेही बहुधा असेच होते. परिचारिका बोटाने जागा दाखवते आणि नातेवाईक थरथरत्या हाताने सही करतात. वस्तुतः संमती म्हणजे सही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात हे स्पष्ट केले. दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरतीच संमती दिलेल्या महिलेचे गर्भाशय व बीजांडकोश ती भुलीखाली असताना, तिच्या आईची परवानगी घेऊन काढण्यात आले होते. रुग्ण सज्ञान आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि जिवाला तत्काळ धोका नाही, अशा स्थितीत इतर कोणाचीही, अगदी आईचीही, संमती चालत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

‘त्यांना काही सांगू नका’

आपल्या घरांतून सर्रास घडणारी आणखी एक गोष्ट. वडिलांना कर्करोग असल्याचे निदान होते. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतो, ‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’ हेतू प्रेमाचाच असतो. पण औषधांवरून, शेजारच्या रुग्णांवरून, घरातल्यांच्या उतरलेल्या चेहऱ्यांवरून बाबांना बरेच काही उमगलेले असते. मग घरातले त्यांच्यापासून लपवतात आणि तेही घरातल्यांपासून लपवतात. अखेरचे महिने खोट्या हसण्यात निघून जातात.

याचे पुढचे पान मी बँकेत पाहिले आहे. पती गेल्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच बँकेची पायरी चढलेल्या भगिनी माझ्यासमोर बसत. खात्याला नामनिर्देशन नाही, लॉकर एकट्याच्या नावावर, मुदत ठेवी कोणत्या शाखांत आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. ‘सहा महिने अंथरुणावर होते, पण आम्ही त्यांना आजार कळू दिला नाही,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले. कळले असते तर त्या गृहस्थांनी एका दुपारी हे सगळे मार्गी लावले असते. पैशांची व्यवस्था तरी मागाहून होते. कोणाला भेटायचे राहिले, कोणाची क्षमा मागायची राहिली, त्याची भरपाई कोणता वारसाहक्काचा दाखला करणार?

सत्य एकदम अंगावर फेकणे हाही उपाय नव्हे. वाईट बातमी कशी सांगावी याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा टप्प्यांची पद्धत २००० साली कर्करोगतज्ज्ञांनी मांडली. निवांत जागा निवडणे, रुग्णाला आधीपासून काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते समजून घेणे, सोप्या शब्दांत सांगणे, त्याच्या भावनांना वाव देणे आणि पुढचा मार्ग एकत्र ठरवणे, असा हा क्रम आहे. ‘जाणून घ्यायचे नाही’ असे रुग्ण म्हणाला, तर त्याचाही मान राखायचा. मात्र ते त्याने म्हणावे, त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये.

कायदा आणि त्यापलीकडे

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन दिली जाणारी वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. दुसरीकडे, डॉक्टरांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली स्वतंत्र कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. हे कायदे आवश्यकच आहेत. पण रुग्णालयाची काच फोडणारा हात बहुधा अनपेक्षित धक्क्याने उठतो. प्रकृती खालावते आहे हे वेळोवेळी सांगितलेले नसते, खर्चाचा आकडा रोज वाढत असतो आणि बोलायला कोणी जबाबदार व्यक्ती समोर येत नाही. त्या हाताचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही रोज संध्याकाळी पाच मिनिटे एकाच डॉक्टरांनी कुटुंबातील एकाच व्यक्तीशी बोलावे, एवढी शिस्त पाळली तरी असे कितीतरी प्रसंग टळतील.

समाधानाची गोष्ट अशी की २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले आहे. नव्या डॉक्टरांना हे शिकवले जात असेल, तर आपणही आपला धडा गिरवायला हवा. त्यासाठी काही साध्या सवयी पुरेशा आहेत.

१. दवाखान्यात जाण्यापूर्वी त्रास केव्हापासून, किती व कशाने वाढतो, हे कागदावर लिहावे. मुख्य तक्रार आधी सांगावी.

२. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, जुने अहवाल आणि ॲलर्जीची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवावी.

३. उपवास, रात्रिभोजनत्याग, न चालणारे पदार्थ हे न विचारताच सांगावे.

४. निघण्यापूर्वी ‘मला असे समजले, बरोबर ना?’ असे म्हणून औषधांची माहिती स्वतःच्या शब्दांत परत सांगावी. ऐकलेल्यातील पुष्कळसे आपण दाराबाहेर पडताच विसरतो.

५. अंदाजे खर्च आधीच विचारावा. त्यात संकोच वा अपमान काही नाही.

६. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायचे असेल तर उघडपणे सांगावे. चांगले डॉक्टर त्याने दुखावत नाहीत.

आपल्या समाजात डॉक्टरांची संख्या मोठी आहे. हे मासिक त्यांच्याही घरी जाते. त्यांना विनंती एवढीच की समोरच्या व्यक्तीचे पहिले एक मिनिट मध्ये न बोलता ऐकावे. रुग्णांना विनंती अशी की त्या एका मिनिटात जे खरे आहे ते सांगावे.