कोन्या गावचे व्हय तुमी?

2018 चा जून. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत काकूच्या ओट्यावर बसलो होतो. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. लेकरं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, अनोळखी माणूस दिसला की धरा, असा मजकूर. तो तिला माहेरच्या ग्रुपवर, बचत गटात आणि भजनी मंडळात, असा तीनदा आला होता आणि तिने तो पुढे पाठवलाही होता.

"खरं असो का खोटं असो, सांगून ठेवलं तं काय बिघडते बाप्पा? लेकराईचा मामला हाय."

अफवा म्हटली की आपल्याला कारस्थानी माणूस आठवतो. मजकूर रचणारा तसा असेलही. पण तो घरोघरी पोचवणारे हात बहुतेक वेळा काकूचेच असतात. तिच्या लेखी ती बातमी देत नव्हती, काळजी घेत होती. काळजी घेताना खरं-खोटं कोण तपासत बसतं?

"तीन जागून आलं, मंग खोटं कसं असन?" हाही तिचाच सवाल. 1977 साली हॅशर, गोल्डस्टाइन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने विधानं ऐकवली. काही खरी, काही खोटी. जी विधानं पुन्हा कानावर पडली, ती त्यांना अधिक खरी वाटू लागली, खोटी असली तरी. ओळखीचं झालं की ते खरंच असावं, असा मनाचा कौल पडतो. काकूकडे तर एकच मजकूर तीन विश्वासाच्या माणसांच्या नावाने आला होता.

पण मुळात अफवा मनात शिरते कुठून? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर आपल्याच देशातलं आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला आणि 1935 मध्ये तो प्रसिद्ध केला. जमीन हादरली पण घरं शाबूत राहिली, अशा भागातही याहून मोठं संकट येणार असल्याच्या अफवा उठल्या होत्या. पुढे 1957 मध्ये लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने यामागच्या कारणावर बोट ठेवलं. माणसं घाबरलेली होती आणि भोवती घाबरण्याजोगं काहीच पडलेलं नव्हतं. मग त्या भीतीला शोभेल असं कारण हवं होतं, ते अफवेने पुरवलं. म्हणजे भीती आधी आली, बातमी मागून.

हे वाचल्यापासून मी काकूकडे वेगळ्या नजरेने बघतो. तिचा नातू त्याच महिन्यात शाळेत जायला लागला होता. जीव आधीच टांगणीला लागलेला, त्यात हा मजकूर आला.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता: मोटरसायकलवरचे दोघं खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली. शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला होता. जे उरलं, ते खऱ्या अपहरणासारखं दिसत होतं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारे म्हणून जमावाने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव हिंडून जगणाऱ्यांना 'अनोळखी' नसण्याची सोय कुठे असते? अफवेची किंमत ती पाठवणारा कधीच भरत नाही. ती भटक्याच्या अंगावर वसूल होते.

त्याच दिवशी मालेगावातही जमावाने भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबाला घेरलं होतं. सोबत लहान मूल. तिथे मात्र स्थानिकांनी त्यांना घरात घेतलं आणि पोलिसांनी सोडवून नेलं. अफवा तीच होती, जमावही तसाच. फरक एका उघडलेल्या दाराचा होता.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तिचा उपयोग आहेच, वेग मंदावतो. पण नोव्हेंबर 2021 च्या दंगलीत अमरावतीत इंटरनेट बंद होतं, तेव्हाही आमच्या गल्लीत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काय काय पोचत होतं, ते मी ऐकलं आहे.

ओट्यावर त्या दिवशी मी काकूला एवढंच विचारलं, "कोण्या गावचं लेकरू नेलं? बापाचं नाव काय?" तिने तिथूनच माहेरी फोन लावला. भावजयीला तो मजकूर अकोल्याहून आला होता. अकोल्याच्या बाईने सांगितलं, जसं आलं तसंच पाठवलं. गाव सापडलं नाही, लेकरूही नाही. काकू बराच वेळ मोबाइल उलटा करून मांडीवर धरून बसली.

बडनेरा जंक्शन. मुंबई-हावडा लाइनवरून येणारी माणसं अमरावतीसाठी इथे उतरतात, नरखेडकडची गाडी इथून धरतात. अनोळखी चेहरा हा इथला रोजचा. राईनपाड्यानंतर काही आठवड्यांनी गल्लीत डवरी गोसाव्याचा डौर वाजला. झोळी घेतलेला एक म्हातारा. दोन-तीन दारं खटाखट लागली. काकू उंबऱ्यात उभी राहिली, मग आत जाऊन सुपात गहू घेऊन आली. झोळीत ओतताना तिने विचारलं, "कोन्या गावचे व्हय तुमी?"

त्याने गाव सांगितलं. तिकडे पाऊस कसा आहे, हे ती विचारू लागली.